छावणीतली बोली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी बांगलादेशातल्या काही तरुण मुलामुलींविषयी बोलणार आहे. ‘इतक्या लांबची गोष्ट कशाला?’ असे कोणी म्हणेल. पण ऐकून तर घ्या.

ब्रह्मदेशाला आता म्यानमार म्हणतात. तेथल्या आराकान भागात रोहिंग्या म्हणून मुसलमान लोक आहेत. १९८२ च्या कायद्याने त्यांचे नागरिकत्वच गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये लष्कराने त्यांची गावे जाळली आणि काही महिन्यांत सात लाखांवर माणसे सीमा ओलांडून बांगलादेशच्या कॉक्स बाजार जिल्ह्यात आली. त्यांत निम्म्याहून अधिक मुले! कुटुपालोंगच्या टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्यांचे शहरच उभे राहिले.

आता लस कोठे टोचतात, वादळ कधी येणार, हे एवढ्यांना कळवायचे कसे? पत्रके वाटून उपयोग नाही. पुष्कळांना अक्षरओळख नाही, आणि त्यांच्या भाषेसाठी केलेली लिपी अलीकडची, १९८० च्या सुमाराची. ती थोड्यांनाच येते. राहिला तो आवाज. १९६१ मध्ये ब्रह्मदेशाच्या सरकारी नभोवाणीवर या भाषेतले कार्यक्रम लागत असत. काही वर्षांतच ते बंद पडले.

टेकनाफ गावी ‘रेडिओ नाफ’ म्हणून एक लहानसे लोककेंद्र आहे. २०१९ मध्ये तेथून ‘पालोंगर होता’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. जर्मनीच्या डॉयचे वेले अकादमीने मुलांना शिकवले. ‘होता’ म्हणजे आपली कथाच हो! त्या बोलीत ‘क’चा ‘ह’ होतो. पालोंगची बोलणी, असा त्याचा अर्थ.

मला यातले मोठे वाटते ते निराळेच. कार्यक्रम करणारी काही मुले छावणीतली आणि काही भोवतालच्या बांगलादेशी गावांतली. गावकऱ्यांचा राग काही खोटा नव्हता. सरपणापायी रान उजाड झाले, मजुरीचे दर उतरले, बाजार महागला. पाहुणा दोन दिवस बरा. येथे वर्षे लोटली. अशा दोन्हीकडच्या मुलांनी एका यंत्राभोवती बसायचे, एकमेकांच्या माणसांना प्रश्न विचारायचे, नको ते कापून उरलेले जोडायचे. दोघांच्या बोली बहिणी-बहिणी, म्हणून दुभाषा लागत नाही. भांडणही थेट आणि समजूतही थेट.

त्यात मुलींचे काम मला विशेष वाटते. त्या समाजात मुलगी वयात आली की बहुधा घरातच राहते. बाहेरचा पुरुष झोपडीत शिरून बाईला विचारणार काय, आणि ती सांगणार काय? रात्री शौचाला जाण्याची भीती, बाळंतपण, लेकीच्या लग्नाची घाई, हे तिच्या तोंडून काढायला पोरगीच आत जाऊन बसावी लागते. शिवाय रेडिओवर तोंड दिसत नाही, नुसता आवाज जातो. घरच्यांची समजूत घालायला हेही कारण पुरते.

सप्टेंबर २०१९ पासून जवळजवळ वर्षभर छावणीत मोबाइलचे इंटरनेट बंद ठेवले होते. टेकड्यांत रेडिओही सगळीकडे धड लागत नाही. तेव्हा मुद्रण केलेला भाग घेऊन मंडळी जमवायची, मधोमध लावायचा आणि संपल्यावर बायकांना बोलते करायचे. त्या काय विचारतात ते मुले टिपून घेत आणि पुढच्या भागाचे काम तेथूनच सुरू होई.