बांबूच्या बेटातील कोंबकुज व तिचे निवारण
(गोव्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



मांडव, कुंपण, शिडी, सूप, टोपली यांपैकी कशालाही बांबूवाचून चालत नाही. तरीही कुळागराच्या कडेला बांबूचे बेट एकदा लावले की आपण तिकडे वळतो ते केवळ कोयता घेऊन. या दुर्लक्षाचा फायदा बुरशी घेते. म्हणून आज कोंबकुज या रोगाविषयी बोलावयाचे आहे.

बांबू हा गवताच्या कुळातील आहे. त्याच्या काठीची जाडी कोंब जमिनीतून वर येतानाच ठरलेली असते. पुढे ती वाढत नाही. दोन-तीन महिन्यांत काठी पूर्ण उंची गाठते आणि नंतर केवळ पक्की होत जाते. तोडणीयोग्य होण्यास तिला सुमारे तीन वर्षे लागतात. अर्थात, या पावसाळ्यात कुजलेला कोंब म्हणजे तीन वर्षांनंतर हाती येणारी काठी आजच गमावणे होय.

रोगाची लक्षणे ओळखणे कठीण नाही. कोंबावरील आवरणे तपकिरी पडतात, टोक कोमेजते, आतील गाभा मऊ होऊन त्यास दुर्गंधी येते आणि कोंब कोलमडतो. आपल्यासारखाच भरपूर पाऊस असलेल्या केरळात या रोगामागे फ्युजेरियम जातीची बुरशी आढळली आहे. दाट वाढलेले बेट, बुंध्याशी साचलेले पाणी आणि किडींनी केलेल्या जखमा या तिच्या वाटा होत.

दुसरा रोग करप्याचा. बांगलादेशातील गावोगावच्या बेटांत १९७० च्या दशकात त्याने मोठी हानी केली व पुढे ओडिशाच्या किनारपट्टीवरही तो आढळला. त्यात अर्धवट वाढलेली काठी शेंड्याकडून मरत येते. त्यास कारणीभूत ठरलेली सॅरोक्लॅडियम ओरायझी ही बुरशी भातपिकातही पर्णकोष कुजविते. बाल्कोवा ही जात या रोगास बळी पडते, आणि हल्ली तिची लागवड आपल्या शेजारी महाराष्ट्रातही होत आहे. तेव्हा रोपे घेताना सावध असावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काटेरी बांबूचे बेट कित्येक दशकांनी एकदाच फुलते आणि मग वाळून जाते. तो रोग नव्हे, निसर्गक्रम होय. फुलोरा दिसल्यास औषधावर पैसा खर्च करू नये.

कोंबकुजीवरील खरा उपाय पावसाळ्यातील फवारणीत नसून उन्हाळ्यातील स्वच्छतेत आहे. हिवाळ्यात तीन वर्षांवरील काठ्या बेटाच्या आतील भागातून, जमिनीलगतच्या पहिल्या पेऱ्यावर तोडाव्यात. चालू व गेल्या वर्षीच्या काठ्यांना हात लावू नये, कारण नव्या कोंबांचे पोषण त्यांच्यावर अवलंबून असते. एप्रिल-मे महिन्यांत मेलेली खुंटे व रोगट काठ्या काढून, बेटापासून दूर मोकळ्या जागी, आग पसरणार नाही अशी दक्षता घेऊन जाळाव्यात. बुंध्याशी नव्या मातीची भर द्यावी आणि पाणी वाहून जाण्यासाठी चर खणावा. पावसाळ्यात कुजका कोंब दिसताच बुडासकट काढून नष्ट करावा. रोगट बेटातील कंद लागवडीसाठी कोणासही देऊ नये. शेजाऱ्याला दिलेल्या कंदाबरोबर रोगही त्याच्या घरी जातो. बुरशीनाशक वापरावयाचे झाल्यास कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच वापरावे, आणि त्या बेटातील कोंब भाजीसाठी काढू नयेत.

२०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनेतर जमिनीवरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे शेतकऱ्याचा मार्ग सुकर झाला आहे. मात्र बेट निरोगी असेल तरच या सवलतीचा लाभ होईल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या वाड्यावरील बेटांत किती कोंब फुटले व किती कुजले याची नोंद करवून घ्यावी. विस्तार कर्मचाऱ्यांनी ती नोंद पाहून वेळीच बेटापर्यंत पोहोचावे. आणि ग्रामस्थांनी यंदा पहिला पाऊस पडण्यापूर्वी निदान एक तरी बेट स्वच्छ करावे, अशी माझी नम्र विनंती आहे.