काकांचा एक प्रश्न, आणि रग्बी खेळणारी आमची पोरगी

(हा एपिसोड ऐकायला वेळ नसेल, किंवा ट्रेनमध्ये इयरफोन विसरला असाल, तर इथे पूर्ण वाचा. बोलताना जसं बोलले जवळजवळ तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे, म्हणजे" तेवढं कमी केलंय.)



आजचा एपिसोड एका घरगुती प्रश्नावरून सुरू होतो. माझी मावसबहीण कोपरखैरण्याला राहते. वय 17, बारावीत. दोन वर्षं झाली ती रग्बी खेळतेय. हो, रग्बी. तो लांबट चेंडू, एकमेकांना पाडणं, मागेच पास द्यायचा, तीच. मागच्या महिन्यात तिची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली. घरात पेढे आले. आणि पेढा खाऊन झाल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं.

काका वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये एका गाळ्यावर दिवाणजी आहेत. आयुष्य हिशेब लिहिण्यात गेलंय. ते म्हणाले, "तू पण खेळायचीस ना हे? मग मला एकच सांग. यात पोरगी पोट भरू शकेल का? खोटं सांगू नकोस."

मी म्हटलं, काका, आठ दिवस द्या. नीट विचार करून सांगते. तर आजचा एपिसोड म्हणजे माझा तो गृहपाठ आहे.

आधी माझं स्वतःचं सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल मी कुठून बोलतेय. कॉलेजात असताना मी तीन वर्षं खेळले. खारघरला मोकळ्या मैदानावर सकाळी सहाला प्रॅक्टिस. स्टडवाले बूट स्वतःचे, माउथगार्ड स्वतःचा, स्पर्धेला जायचं तर जनरलच्या डब्याचं तिकीटही बऱ्याचदा स्वतःचं. तिसऱ्या वर्षी एका टॅकलमध्ये कॉलरबोन मोडलं. आयोजकांकडे विमा नव्हता. हॉस्पिटलचं बिल बाबांनी भरलं, आणि भरताना एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणंच मला लागलं. बरं झाल्यावर मी ऐरोलीत नोकरी धरली आणि परत मैदानावर गेले नाही. म्हणजे मी वाईट खेळत होते म्हणून सुटलं असं नाही. परवडत नव्हतं म्हणून सुटलं.

आता काकांच्या प्रश्नाकडे. पण सुरुवात रग्बीपासून नको, आपल्या नेरूळपासून करू.

2 नोव्हेंबर 2025. डी. वाय. पाटील स्टेडियम. पावसामुळे मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, तरी लोक हलले नाहीत. शेफाली वर्माच्या 87 धावा, दीप्ती शर्माचं अर्धशतक आणि वर पाच विकेट्स, आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून पहिल्यांदा महिला वर्ल्ड कप जिंकला. त्याच्या तीनच दिवस आधी, याच मैदानावर, आपल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 केले होते. त्या रात्री नेरूळ स्टेशनवर जी गर्दी होती ती मी कधी विसरणार नाही. दारू न पिता लोक नाचत होते.

दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, बघा, पोरींनी करून दाखवलं. आता पैसा येईल.

इथेच माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. पैसा आधीच आला होता.

जरा मागे जाऊ. 2005 मध्येही आपल्या महिला फायनलला गेल्या होत्या. तेव्हा त्यांना मॅचमागे हजार रुपये मिळाले, असं मिताली राजने एका मुलाखतीत सांगितलंय. हजार! 2006 मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं. मग बरीच वर्षं हळूहळू. ऑक्टोबर 2022 मध्ये बीसीसीआयने जाहीर केलं की मॅच फी पुरुषांना जेवढी तेवढीच महिलांना: कसोटीला 15 लाख, वनडेला 6 लाख, टी-ट्वेंटीला 3 लाख. 2023 मध्ये डब्ल्यूपीएल आली. पाच टीम मिळून 4669.99 कोटींना विकल्या गेल्या, पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क 951 कोटींना गेले, आणि सांगलीच्या स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाखांची बोली लागली. त्या लीगची पहिली मॅचसुद्धा आपल्या डी. वाय. पाटीललाच झाली.

म्हणजे क्रम बघा. आधी फी, मग लीग, मग कप. "आधी जिंकून दाखवा, गर्दी आणा, मग पैसे देऊ" असं जे सगळे म्हणतात ना, ते घडलं उलटं.

आणि नुसतं स्टेडियम असून भागत नाही, हेही नेरूळनेच दाखवलंय. 2022 मध्ये याच मैदानावर महिला फुटबॉलच्या दोन मोठ्या फायनल झाल्या. फेब्रुवारीत आशियाई चषकाची, चीन विरुद्ध दक्षिण कोरिया. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची, स्पेन विरुद्ध कोलंबिया. दोन्ही आपल्या दारात. तुमच्यापैकी किती जणांना आठवतंय? लायटिंग तेच, गवत तेच. फरक मैदानात नव्हता, त्याच्या मागे वर्षभर कोण पगार देतंय यात होता.

आता रग्बी. या खेळात महिलांचा पहिला वर्ल्ड कप 1991 मध्ये वेल्समध्ये झाला. तो भरवला कोणी? खेळणाऱ्या बायकांनीच. जागतिक संघटनेची तेव्हा मान्यतासुद्धा नव्हती. सोव्हिएत संघाच्या मुलींकडे तर पैसेच नव्हते, म्हणून त्या घरून व्होडका आणि कॅव्हियार घेऊन आल्या होत्या, विकून खर्च भागवायला! आपल्याकडे कशा पोरी स्पर्धेला जाताना लाडू-चिवड्याचा डबा नेतात, तसं. फक्त यांना तो डबा विकायचा होता.

तिथपासून पुढे या. 2010 चा वर्ल्ड कप इंग्लंडमध्ये झाला. फायनलला 13,253 लोक. 2019 च्या जानेवारीत इंग्लंडच्या रग्बी संघटनेने 28 महिला खेळाडूंना पूर्णवेळ पगारी करार दिले. 2023 मध्ये 26 आठवड्यांची भरपगारी बाळंतपणाची रजाही आणली. आणि 27 सप्टेंबर 2025 ला लंडनच्या ट्विकनहॅममध्ये फायनल झाली, इंग्लंडने कॅनडाला 33-13 हरवलं, बघायला लोक होते 81,885. म्हणजे तिथेही करार आधी, गर्दी नंतर.

असं का होतं? मला वाटतं उत्तर साधं आहे. पगार म्हणजे नुसते पैसे नाहीत. पगार म्हणजे वेळ. जी मुलगी सकाळी सहाला प्रॅक्टिस करून साडेआठची पनवेल लोकल पकडते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते आणि रात्री पाय बर्फात ठेवून झोपते, तिच्यात आणि जिला दिवसभर खेळ, जेवण, फिजिओ आणि झोप एवढंच काम आहे तिच्यात, कौशल्याचा फरक नंतर येतो. आधी फरक असतो तासांचा. करार म्हणजे ते तास विकत घेणं. तास मिळाले की खेळ सुधारतो, खेळ सुधारला की लोक बघतात.

"पण ताई, कॅनडा?" हा प्रश्न माझ्या बहिणीनेच विचारला, आणि तो बरोबर आहे. कॅनडाच्या संघाकडे पैसे कमी पडत होते. त्यांनी लोकांकडे हात पसरले, 10 लाख कॅनेडियन डॉलरचं लक्ष्य ठेवून वर्गणीची मोहीम काढली. आणि तो संघ सेमीफायनलला न्यूझीलंडला 34-19 हरवून फायनलला पोहोचला. मग पैसा नसला तरी चालतं की!

चालतं, एकदा. पण बघा ना, त्यांनासुद्धा वर्गणी काढावीच लागली. जिद्द आहे म्हणून पैसे नकोत, असा त्याचा अर्थ नाही. आपल्याकडे गणपतीला वर्गणी दरवर्षी मिळते, पोरींच्या फिजिओला दरवर्षी मिळेल याची खात्री कोण देणार?

आता आपलं घर. भारताच्या महिलांनी पंधराजणींच्या रग्बीत पहिला आंतरराष्ट्रीय सामना 2018 मध्ये सिंगापूरला खेळला. कर्णधार होती पुण्याची वाहबिज भरुचा. ती पेशाने फिजिओथेरपिस्ट. म्हणजे देशाची कॅप्टन, आणि पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये मनिलात, भारताने सिंगापूरला 21-19 हरवलं. पंधराजणींच्या खेळातला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय. दोन गुणांनी! मी तो व्हिडिओ मोबाइलवर किती वेळा पाहिलाय, विचारू नका. कॉलरबोन दुखतं अजून बघताना.

क्रिकेटमध्ये एक गोष्ट सोपी होती. घरात श्रीमंत मोठा भाऊ होता. पुरुषांच्या क्रिकेटची तिजोरी भरलेली होती, प्रश्न फक्त ती उघडायचा होता. रग्बीत मोठा भाऊच अजून उधारीवर आहे. मग पैसा येणार कुठून? तीन दरवाजे मला दिसतात.

एक, सरकार. ओडिशा सरकारने 2022 मध्ये भारताच्या रग्बी संघांचं प्रायोजकत्व घेतलं. बिहारमध्ये "मेडल लाओ, नौकरी पाओ" अशी योजना आहे. आपल्या महाराष्ट्रातही सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. हा पगार खेळाचा नाही, पण घरच्यांना शांत झोप देणारा आहे.

दोन, एखादी मोठ्या मनाची व्यक्ती. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या महिलांनी रग्बी सेव्हन्समध्ये कांस्य मिळवलं आणि मिशेल कांग या उद्योजिकेने त्या संघासाठी 40 लाख डॉलर जाहीर केले. सेव्हन्स म्हणजे सातजणींचा खेळ, सात-सात मिनिटांचे दोन डाव. 2016 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. मोबाइलवर बघायला तर एकदम फिट, एक चहा होईपर्यंत मॅच संपते.

तीन, लीग. जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीगचा पहिला सीझन झाला. सहा टीम, परदेशी खेळाडू, टीव्हीवर प्रक्षेपण. मी गेले होते. छान वाटलं. पण तो सीझन फक्त पुरुषांचा होता. माझ्या शेजारी एका शाळेच्या मुली रग्बीची जर्सी घालून बसल्या होत्या, प्रत्येक ट्रायला किंचाळत होत्या. त्यांच्या वाट्याला आलं ते किंचाळणं. बोली त्यांच्यासाठी नव्हती. डब्ल्यूपीएल यायला आयपीएलनंतर 15 वर्षं लागली. रग्बीने तेवढी वाट बघू नये, एवढंच म्हणते.

तर आठ दिवसांनी मी काकांकडे गेले. कागदावर लिहूनच नेलं होतं, कारण ते तोंडी हिशेब मानत नाहीत.

मी म्हटलं, काका, खरं सांगते. आज भारतात रग्बी खेळून एखादी मुलगी घर चालवेल, असं मी म्हणणार नाही. पुढच्या पाच वर्षांत होईल अशी हमीही देणार नाही. पण तिचं खेळणं थांबवू नका. तीन गोष्टी करू. शिक्षण सुटणार नाही, फिजिओथेरपीला जायचं म्हणतेय, तर त्याचीच तयारी. अपघाताचा विमा आपण स्वतः काढू, कोणाची वाट न बघता. आणि बूट व प्रवास माझ्याकडे, दोन वर्षं. दोन वर्षांनी परत बसू, आणि जे आकडे असतील ते बघून ठरवू.

काकांनी कागद दोनदा वाचला. मग विमा या शब्दाखाली पेनने रेघ मारली आणि म्हणाले, "हे तुझ्या वेळी आम्ही केलं असतं तर?"

मला काही बोलता आलं नाही. मावशीने चहा आणला म्हणून वाचले.

शिबिर पुढच्या सोमवारपासून आहे. ती निवडून पुढे जाईल की परत येईल, मला माहीत नाही. पण ती सुटलीच, तर पैशाअभावी सुटू नये, खेळात कमी पडून सुटावी. तेवढा हक्क तरी प्रत्येक खेळाडूला हवा की नको?

तुम्हाला एकच विनंती. तुमच्या भागात मुलींची कुठलीही मॅच असेल, रग्बी, कबड्डी, फुटबॉल, काहीही, तर एकदा जाऊन बघा. आणि तुमच्या सोसायटीच्या किंवा मंडळाच्या स्पर्धेत मुलींच्या टीमला बोलवत असाल, तर ट्रॉफीच्या आधी विम्याचं आणि येण्याजाण्याच्या भाड्याचं बघा. ट्रॉफी कपाटात राहते. मोडलेलं हाड पोरीसोबत घरी जातं.

तुमच्या घरातही काकांसारखा प्रश्न कोणी विचारला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि पास द्यायचा तर मागेच द्या. भेटूच.