लघुउद्योगातील एकाकी विक्रेता



लघुउद्योगाचा विचार करताना आपली दृष्टी सामान्यतः भांडवल, यंत्र आणि कच्चा माल यांवर स्थिरावते. कर्ज मंजूर झाले, प्रशिक्षण पार पडले, की कार्यभाग साधला अशी समजूत असते. परंतु तयार माल घेऊन बाजाराची पायरी कोण चढणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत तो अगत्याने विचारला पाहिजे.

पोलादपूरच्या डोंगरउतारावर नाचणी व वरी पिकते. नाचणीचे पीठ व पापड करणाऱ्या दहा जणींच्या बचत गटाची कल्पना करावी. नऊ जणी दळतात, लाटतात, वाळवितात. दहावी पिशव्या घेऊन एस.टी.ने महाडच्या पेठेत येते. नमुना दाखविणे, भाव ठरविणे, वेष्टनावरील मजकूर तपासणे, उधारी वसूल करणे, ही सारी कामे तिची एकटीची. माल खपला तर श्रेय पापडाला, न खपला तर दोष तिला. तिची पायपीट लाटलेल्या पापडांच्या संख्येत दिसत नाही. म्हणून तिच्या मजुरीचा हिशेबही बहुधा राहून जातो.

या बाबतीत श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेचा आरंभकाळ बोधप्रद आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर काम सुरू केले. प्रारंभी पापडांची अवघी चार पाकिटे झाली आणि भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे विक्री सुरू झाली. त्या काळी उत्तम व हलकी अशा दोन प्रती निघत. छगनबापा पारेख यांनी एकच उत्तम प्रत राखण्याचा सल्ला दिला. पहिल्या वर्षी पावसाने चार महिने काम थांबले. पुढील वर्षी खाट व स्टोव्ह घेऊन पावसातही पापड वाळविण्याची सोय करण्यात आली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. तात्पर्य, विक्री केवळ विक्रेत्याच्या वाक्चातुर्याने वाढत नाही. एकसारखी प्रत आणि अखंड पुरवठा यांचे बळ तिच्या पाठीशी असावे लागते. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या प्रदेशाला हा धडा विशेष लागू आहे.

येथे ग्राहक दारावरून जातो. रायगड पाहण्यास येणारे प्रवासी, मुंबई-गोवा महामार्गावरील वाहने, आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारे पर्यटक, हे सर्व खरे. परंतु वाटसरू एकदा घेतो, दुकानदार महिन्यामागून महिना घेतो. एकट्या व्यक्तीने आपला वेळ कोणास द्यावा, हे गटानेच ठरवून दिले पाहिजे.

खरा धोका वेगळाच आहे. दुकानदारांची ओळख, येणे बाकी, माल परत येण्याची कारणे, हे सारे एकीच्याच स्मरणात असते. ती आजारी पडली वा गाव सोडून गेली, तर बाजारही तिच्याबरोबर जातो. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठ बुडाली. एकाच पेठेवर आणि एकाच व्यक्तीवर विसंबणे किती घातक, हे अशा आपत्तीत उघड होते.

यावर उपाय साधे आहेत. विक्रीच्या दिवसाची मजुरी लाटण्याच्या मजुरीइतकीच धरावी. विक्रीवही ठेवून ती मासिक सभेत वाचावी. वही लिहिण्यास शिक्षकांनी साहाय्य करावे. महिन्यातून एकदा दुसरी सभासद तिच्याबरोबर बाजारात जावी. गटाची उद्यम नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे. उधारीच्या तगाद्यात हा मोठा आधार होय. आणि अधिकाऱ्यांनी प्रदर्शनात किती माल खपला एवढेच न नोंदविता, त्यानंतर दुसरी मागणी किती ठिकाणांहून आली याचीही नोंद घ्यावी.

दहावीच्या खांद्यावरील पिशवी ही वस्तुतः दहाही जणींची पिशवी आहे. हे भान गटात रुजले, तरच डोंगरातील उद्योग बाजारात टिकेल.