कंकणाकृति सांचा

पाककलेचा विचार करतांना पदार्थांत काय घालावें याची चर्चा पुष्कळ होते. परंतु मध्यभागीं कांहींच न घालतां जागा मोकळी ठेवावी, ही युक्तीही तितकीच मोलाची आहे. मध्यें नळी असलेल्या कंकणाकृति सांच्याचें सारें रहस्य या मोकळ्या जागेंत सांठविलेलें आहे.

भट्टींतील केकचें उदाहरण घ्यावें. ओलें पीठ हें उष्णतेचें मंद वाहक आहे. ९ इंच व्यासाच्या साध्या गोल भांड्यांत मध्यबिंदु कडेपासून साडेचार इंच दूर असतो. तेथें ३ इंच व्यासाची नळी उभी केली म्हणजे पिठाची जाडी ३ इंच उरते, आणि पिठाचा कोणताही कण जवळच्या भिंतीपासून दीड इंचाहून दूर राहत नाहीं. अंतर एक तृतीयांश झालें. उष्णता आंत पोंचण्यास लागणारा वेळ तर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असतो. तळाकडून व वरूनही उष्णता मिळत असल्यामुळें प्रत्यक्षांत नऊपट फरक पडत नाहीं. तथापि उंच सांच्यांत व घट्ट पिठांत तो चांगलाच जाणवतो. नळी नसेल तर कडा कोरडी होते आणि मध्यभाग कच्चा राहतो. पिष्ट व अंड्यांतील प्रथिनें घट्ट होऊन आधार मिळण्यापूर्वींच तो फुगलेला भाग खचतो, आणि गृहिणीचें लोणी, अंडीं, साखर व श्रम सारेंच वायां जातें.

हें मर्म मध्य युरोपांतील आज्यांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें. अल्सास, दक्षिण जर्मनी व ऑस्ट्रिया या प्रदेशांत ‘कुगेलहोफ’ नांवाचा केक होतो. यीस्टनें फुगविलेलें पीठ, मनुका व बदाम घालून तो पन्हळीदार उंच सांच्यांत भाजतात. अल्सासमधील सूफ्लेनहाइम हें गांव अशा झिलईदार मातीच्या सांच्यांबद्दल प्रसिद्ध आहे. फ्रान्समध्यें त्याच जातीचा ‘साव्हारँ’ हा केक आहे. १८२५ सालीं रसनेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करणारे ब्रिया-साव्हारँ यांचें नांव त्यास मिळालें. हें कडें रमयुक्त पाकांत भिजवून मधल्या पोकळींत साय किंवा फळें भरतात. भाजण्याच्या सोयीसाठीं ठेवलेली जागा येथें वाढण्याच्या शोभेस कामीं आली.

पुढें हा सांचा समुद्रापार गेला. अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरीं १९५० सालीं हदासा या ज्यू महिलांच्या संस्थेंतील कांहीं स्त्रिया ‘नॉर्डिक वेअर’चे संस्थापक एच. डेव्हिड डालक्विस्ट यांच्याकडे गेल्या. कुगेलहोफसारखें भांडें त्यांना हवें होतें. तें बाजारांत मिळत नव्हतें. डालक्विस्ट यांनीं तें ॲल्युमिनियममध्यें ओतून दिलें. ‘बुंड’ या जर्मन शब्दाच्या शेवटीं ‘टी’ हें अक्षर जोडून त्यास ‘बंट’ हें नांव दिलें गेलें. अनेक वर्षें विक्री मंदच राहिली. १९६६ सालीं मात्र पिल्सबरी कंपनीच्या पाकस्पर्धेंत टेक्सासमधील एला हेलफ्रिच यांच्या ‘टनेल ऑफ फज’ या केकला दुसरा क्रमांक मिळाला, आणि या भांड्याची चौकशी करणारीं दोन लाखांहून अधिक पत्रें त्या कंपनीकडे आलीं. गंमत अशी कीं, आंतून कच्चें राहूं नये म्हणून निघालेल्या सांच्यास, आंत मऊ चॉकलेटचा बोगदा मुद्दाम राखणाऱ्या केकनें कीर्ति मिळवून दिली!

असा सांचा वापरणारानें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्रत्येक पन्हळीस व मधल्या नळीसही लोणी लावून वर पीठ भुरभुरावें. नळी विसरली तर केक तेथेंच तुटतो. सांचा दोन तृतीयांशच भरावा. भट्टींतून काढल्यावर सुमारें १० मिनिटें थांबून तो उपडा करावा. घाई केल्यास केक मोडतो, आणि फार वेळ दवडल्यास साखर भांड्यास चिकटते. फक्त अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा ‘एंजल फूड केक’ यास अपवाद आहे. त्याच्या सांच्यास तूपलोणी मुळींच लावावयाचें नसतें, कारण तें हलकें मिश्रण भिंतीस व नळीस धरूनच वर चढतें. आणि तो खचूं नये म्हणून सांच्यासकट उलटा टांगून थंड करतात.

वाढण्याच्या कामींही हा आकार सोयीचा आहे. तूप लावलेल्या कड्यांत शिजलेला भात हलक्या हातानें दाबून ताटांत उपडा करावा व मधल्या आळ्यांत रस्सा वाढावा. केकचे समान भाग सहज पडतात, आणि प्रत्येकाच्या वांट्यास खमंग कड येते.

आपल्याकडेही हें तत्त्व परकें नाहीं. दक्षिणेकडील मेदुवड्याला बोटानें भोंक पाडतात, तें नुसत्या शोभेसाठीं नव्हे. तेल आंतूनही लागावें आणि जाड वडा मध्यें पिठूळ राहूं नये, हा त्यांतील लाभ. गुजरातेंत हांडवा भाजण्याच्या भांड्यासही मध्यें पोकळ नळी असते. अल्सासचा कुंभार आणि उडुपीची सुगरण यांची कधीं गांठ पडली नसेल. पण उष्णतेला आंत येण्यास वाट करून द्यावी, हें दोघांनीं आपापल्या चुलीपाशींच जाणलें.