दुखलं तर लगेच सांगा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सीटी स्कॅन करून आलेल्या माणसाला 'आत काय होतं?' असं विचारलं, तर तो त्या भल्यामोठ्या गोल यंत्राचं वर्णन करतो. 'मेदूवड्यासारखं भोक होतं आणि त्यात मला सरकवलं,' असं कितीतरी जणांनी मला सांगितलं आहे. त्या मेदूवड्याशेजारी एक लहान यंत्र छताला टांगलेलं किंवा चाकांच्या खांबावर उभं असतं. दोन जाड पारदर्शक सिरिंज, त्यांच्यामागे मोटर आणि पुढे लांब नळी, एवढाच त्याचा संसार. त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आम्ही त्याला नुसतं 'इंजेक्टर' म्हणतो.

क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करताना या यंत्राशी माझा रोजचा संबंध आला. रुग्णाचा त्याच्याशी संबंध जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. पण त्या अर्ध्या मिनिटात रुग्णालाही एक काम असतं आणि ते त्याला दर वेळी नीट समजावून सांगितलं जातंच असं नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी 'डाय' म्हणजे काय ते पाहू. क्ष-किरणांच्या चित्रात हाडं छान उठून दिसतात. पण रक्त आणि आजूबाजूचं मांस जवळजवळ एकाच रंगाचं दिसतं. रक्तवाहिनी दिसायला हवी, तर तिच्यात क्ष-किरण अडवणारं काहीतरी भरावं लागतं. रोंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि १८९६ च्या जानेवारीतच व्हिएन्नात एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत असं मिश्रण भरून चित्र काढलं गेलं. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या पाहण्यासाठी मात्र १९२७ साल उजाडावं लागलं. ते काम पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी केलं. आज सीटी स्कॅन आणि अँजिओग्राफीसाठी जे औषध वापरतात, त्यात आयोडीन असतं. त्यालाच आपण बोलताना डाय म्हणतो, पण त्याने काही रंगत नाही. दिसायला ते पाण्यासारखं नितळ असतं, फक्त कच्च्या पाकासारखं किंचित दाट.

मग हे औषध साध्या इंजेक्शनसारखं हाताने का देत नाहीत? पहिलं कारण वेळेचं. दंडाच्या शिरेत सोडलेलं औषध हृदयात जातं, तिथून फुफ्फुसात, परत हृदयात आणि मग महारोहिणीत. या प्रवासाला साधारण पंधरा ते वीस सेकंद लागतात. हृदय अशक्त असेल तर जास्त. आताचा स्कॅनर छातीचं चित्र काही सेकंदांतच काढून मोकळा होतो. नेमक्या त्याच सेकंदांत औषध हव्या त्या रक्तवाहिनीत भरलेलं असलं पाहिजे. त्यासाठी ते सेकंदाला तीन, चार, कधी पाच मिली अशा ठरावीक वेगाने जावं लागतं. मागोमाग दुसऱ्या सिरिंजमधलं सलाईन जातं आणि नळीत, शिरेत रेंगाळलेलं औषध पुढे ढकलतं. माणसाचा अंगठा इतका वेळ इतक्या एकसारख्या वेगाने दट्ट्या दाबू शकत नाही.

दुसरं कारण दाटपणाचं. होळीची पिचकारी आठवा. तोंड बारीक असेल तर जोर जास्त लावावा लागतो. किती जास्त, याचा हिशेब फ्रान्सच्या प्वाझई नावाच्या डॉक्टरांनी १८४० च्या सुमारास मांडला. नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच जोराने निम्मं पाणी येईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सोळावा हिस्सा येतं! म्हणून आम्ही सुईच्या नंबराबद्दल एवढे काटेकोर असतो. हिरव्या टोपीची १८ नंबरची किंवा गुलाबी टोपीची २० नंबरची सुई, तीही शक्यतो कोपराच्या खोबणीतल्या जाड शिरेत. 'मनगटावर आधीच एक निळी लावली आहे, तीच चालवा ना,' असं नातेवाईक म्हणतात. ती निळी २२ नंबरची, बारीक. सलाईनला ती पुरते. जोराच्या इंजेक्शनला अनेकदा पुरत नाही. औषध थोडं पातळ व्हावं म्हणून ते शरीराच्या तापमानाइतकं, ३७ अंशांपर्यंत, कोमट करून घेण्याची पद्धतही याच कारणाने आहे.

सीटीच्या इंजेक्टरला साधारण ३०० पीएसआयपर्यंत दाबाची मर्यादा घालतात. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय हवा असते, म्हणजे त्याच्या दहापट. घाबरू नका, हा दाब सिरिंजपाशी असतो. लांब नळीतून आणि सुईतून जाताना तो बहुतेक खर्ची पडतो. कॅथलॅबमध्ये कॅथेटरच्या बारीक, लांब नळीतून हृदयाच्या कप्प्यात औषध सोडायचं असतं, तिथे मर्यादा १२०० पीएसआयपर्यंत जाते. दाब ठरवलेल्या मर्यादेला पोचला, की यंत्र वेग कमी करतं किंवा थांबतं.

तिसरं कारण आमच्या सोयीचं. यंत्रामुळे क्ष-किरण चालू असताना आम्हाला काचेआड उभं राहता येतं. रोज अनेक रुग्ण तपासणाऱ्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे. पण यामुळेच रुग्ण आणि आमच्यामध्ये काच आली, हेही खरं.

या यंत्राचा एक प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. ३० ऑक्टोबर १९५८, अमेरिकेतलं क्लीव्हलँड क्लिनिक. डॉ. मेसन सोन्स २६ वर्षांच्या एका हृदयरुग्णाची तपासणी करत होते. औषध महारोहिणीच्या मुळाशी सोडायचं होतं. इंजेक्टर सुरू झाला आणि पडद्यावर दिसलं, की कॅथेटरचं टोक हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या उजव्या धमनीत शिरलं आहे. कॅथेटर ओढून काढेपर्यंत सुमारे तीस मिली औषध त्या लहानशा धमनीत गेलं होतं. रुग्णाचे ठोके थांबले. तो शुद्धीवर होता. सोन्स यांनी त्याला जोरजोराने खोकायला सांगितलं. तो खोकला आणि ठोके परत सुरू झाले. त्यातून सोन्स यांना सुचलं, की अगदी थोडं औषध या धमन्यांत थेट सोडता येईल. आजची हृदयाची अँजिओग्राफी तिथून पुढे आली. बायपास आणि अँजिओप्लास्टीची वाटही तिनेच मोकळी केली.

मला या गोष्टीत दोन माणसं दिसतात. एक, पडद्याकडे डोळे लावून बसलेला डॉक्टर आणि दुसरा, सांगितल्याबरोबर खोकणारा रुग्ण. यंत्राने त्याचं काम चोख केलं होतं. नळीचं तोंड जिकडे होतं, तिकडे त्याने औषध पाठवलं.

पुढे यंत्रं सुधारली. पिट्सबर्गच्या डॉ. स्टीफन हायलमन यांनी १९६४ साली मेडरॅड ही कंपनी काढली आणि नुसत्या दाबाऐवजी औषधाचा वेग सांभाळणारा इंजेक्टर आणला. आता तर पडद्यावर दाबाची रेघ सेकंदागणिक दिसते. पण त्या रेघेवर किती विसंबायचं, हे मी एका आजींमुळे नेहमी सांगत आलो.

आजी सत्तरीच्या होत्या. केमोथेरपीने शिरा नाजूक झालेल्या. मी म्हटलं, "आजी, अंगभर गरम वाटेल, ते चालेल. पण हातात सुईपाशी दुखलं, की लगेच ओरडायचं."

"दवाखान्यात ओरडू कशी रे बाळा? सोसायची सवय आहे मला."

"सोसू नका आजी. आत माईक त्यासाठीच लावलाय."

आधी सलाईन सोडून शीर तपासली, ठीक होती. औषध सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद शिरेवर बोट ठेवून मी शेजारी उभा राहिलो, मग काचेआड आलो. तेवढ्यात स्पीकरवर आवाज आला, "दुखतंय रे!" यंत्र तिथल्या तिथे बंद केलं. शीर फुटून औषध कातडीखाली जाऊ लागलं होतं. दाबाची रेघ मात्र अगदी सरळ होती. कारण सोपं आहे: म्हाताऱ्या माणसाच्या हाताची कातडी सैल, तिथे औषधाला पसरायला जागा भरपूर, मग दाब वाढणार कशाने? डॉक्टरांनी हात तपासला, उंच ठेवला, थंड पट्ट्या दिल्या, सूज उतरली. आजी गप्प राहिल्या असत्या, तर सगळंच्या सगळं औषध हातात साठलं असतं. असं क्वचित घडतं, शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. पण मोठी सूज आली तर कातडीला आणि नसांना इजा होऊ शकते.

म्हणून श्रोतेहो, तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर ही तपासणी करायची वेळ आली, तर एवढं लक्षात ठेवा. औषध जाताना अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटतं, तोंडात धातूची चव येते, लघवी झाल्याचा भास होतो. हे होतंच, अर्ध्या-एक मिनिटात जातं. पण सुईपाशी दुखणं, हात ताठणं, अंगाला खाज, घसा आवळणं किंवा दम लागणं, यांतलं काहीही झालं तर त्याच क्षणी बोला. तपासणी बिघडेल, डॉक्टर रागावतील, अशी भीड बाळगू नका. थांबवलेली तपासणी पुन्हा करता येते.

आत जाण्यापूर्वी न विचारताही सांगा: मूत्रपिंडाचा त्रास, दमा, थायरॉईडचा विकार, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही, दिवस गेले असण्याची शक्यता आणि पूर्वी कधी डायने त्रास झाला असेल तर तो. सिरिंज, निदान तुमच्यापर्यंत येणारी नळी, नवीन आहे ना, हे विचारण्यातही काही गैर नाही. आणि सुई काढल्यावर घरी जायची घाई न करता पंधरा मिनिटं ते अर्धा तास तिथेच बसा.

आपल्याकडे मुकाट्याने सोसणाऱ्या माणसाचं कौतुक होतं. सीटीच्या टेबलावर ते कौतुक कामाचं नाही. काचेआडच्या माणसाला तुमचा चेहराही नीट दिसत नसतो. त्याच्यापर्यंत पोचतो तो तुमचा आवाज.