माळावरचं गवत आणि मातीतली ठेव

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि त्यात माझी एक कबुली पण आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसची टीम सासवडकडच्या एका माळावर झाडं लावायला गेली होती. जेसीबीने ओळीने खड्डे काढून ठेवलेले. आम्ही रोपं लावली, सेल्फी काढले. तिथे मेंढरं घेऊन आलेले एक धनगर आजोबा म्हणाले, "पोरांनो, एवढं चांगलं गवत उकरून झाडं कशापायी लावताय?" मी म्हटलं, "आजोबा, झाडं कार्बन धरून ठेवतात." ते गप्प राहिले.

घरी येऊन वाचत बसलो, तेव्हा कळलं की गवतही तेच करतं. फक्त जमिनीखाली.

म्हणजे बघा, गवत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतं. त्यातली बरीच मुळांकडे जाते. मारवेल, पवन्या ही गवतं उन्हाळ्यात वरून वाळतात, पण खाली जिवंत असतात. बारीक मुळं मरतात, नवी येतात. मुळांतून थोडी साखर मातीत पाझरते, ती जिवाणू आणि बुरशी खातात. ते मेले की त्यांचे अवशेष मातीच्या कणांना चिकटून बसतात आणि अनेक वर्षं टिकू शकतात. वणव्यात वरचं गवत जळालं, तरी ही खालची ठेव बहुतेक शाबूत राहते.

ठेव मोडते ती जमीन उकरल्यावर. मातीचे कण सुटे होतात, हवा आत शिरते, जिवाणू जोमात येतात आणि कार्बन पुन्हा हवेत. आमच्या खड्ड्यांनी हेच केलं.

आता, गवत म्हणजे जादू नाही. मातीत कार्बन साठायला मर्यादा असते. एकाच जागी सतत चराई झाली तर मुळं खंगतात. कळप पुढे सरकत राहिला की गवताला सावरायला वेळ मिळतो. धनगर पिढ्यान्‌पिढ्या असेच फिरत आलेत. आणि आपल्या सरकारी नोंदींत असे कितीतरी माळ 'पडीक' म्हणून लागलेत!

यंदा ऑफिसचा मेल आला, पुन्हा तोच माळ. मी लिहिलं, झाडं रस्त्याकडेला लावूया, माळ राहू द्या. अजून उत्तर नाही. पण आजोबांना दिलेलं माझं उत्तर मात्र मी मागे घेतोय.

तुमच्या गावच्या माळाचं आज काय चाललंय? व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या भागात!