ध्वनिक्षेपक आणि मापक



मराठीच्या प्राध्यापकाने विद्युतमापकावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्याकडे उद्योगपतींची चरित्रे विपुल लिहिली गेली. त्यांच्या कारखान्यांतून निघालेल्या वस्तूंची चरित्रे फारशी नाहीत. ही उणीव मला खटकते.

मोटवाने कंपनीचेच पाहा. १९०९ साली सिंधमधील सक्कर येथे ज्ञानचंद मोटवाने यांनी आरंभिलेला हा व्यवसाय कराचीमार्गे मुंबईस आला. 'शिकागो रेडिओ' या नावाचे (नाव अमेरिकेचे, माणसे सिंधची!) त्यांचे ध्वनिक्षेपक १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये होते. १९४२ मध्ये उषा मेहता व सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. त्या प्रकरणात नानिक मोटवाने यांच्यावरही खटला झाला. ते निर्दोष सुटले. गांधीजींच्या छायाचित्रांत ध्वनिक्षेपकावरील ते नाव आजही वाचता येते.

याच घराण्याच्या नाशिक रोड येथील कारखान्यातून निघालेल्या मल्टिमीटरला हे भाग्य लाभले नाही. सभेपुढे येणे हे त्याचे कामच नव्हे. भोपाळच्या 'भेल'मध्ये हयात घालविलेल्या श्रोत्यांना हे मी सांगावयास नको.

प्रवाह, दाब आणि रोध एकाच पेटीत मोजण्याची कल्पना ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते डोनाल्ड मॅकॅडी यांनी साकारली. त्यांचा 'ॲव्होमीटर' १९२३ मध्ये बाजारात आला. मोटवान्यांचा काट्याचा मीटर त्याच कुळातला. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तारेचे वेटोळे, त्यावर काटा. प्रवाह मोजताना वेटोळ्याला समांतर अल्प रोध जोडावयाचा, दाब मोजताना एकसरीत मोठा. वेटोळे तेच राहते. चांगल्या मीटरच्या मोजपट्टीलगत आरशाची चिंचोळी पट्टी असते. काटा आपल्याच प्रतिबिंबाला झाकील, तेव्हाच आकडा वाचावयाचा. म्हणजे पाहणाऱ्याची नजर तिरपी नाही याची खात्री होते. आमच्या समीक्षेच्या पोथ्यांना अशी आरशाची पट्टी कोणी लावली असती तर पुष्कळ वाद टळले असते!

पुढे अंकीय मीटर आले. आकडा आपोआप उमटू लागला आणि आरसा गेला. सोय झाली, हे मान्य. पण विद्यार्थ्याला मापनाची रीत काट्याच्या मीटरवरच शिकवावी, असे माझे मत आहे. त्यात रोधाची पट्टी उलटी असते: शून्य उजव्या टोकाला, आणि काटा स्वस्थ असतो ते डावे टोक अनंताचे. रोध मोजण्यापूर्वी दोन्ही तारांची टोके एकमेकांस टेकवून काटा शून्यावर आणावा लागतो. आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात असा जुना मीटर असेल, तर त्यात नवी बॅटरी घालून मुलांच्या हाती द्यावा.